सांधेदुखी, स्नायूंचे दुखणे आणि भौतिकोपचार

(व्याख्यानाचा मजकूर)



कापडबाजाराच्या कोणत्याही गल्लीत दुपारी गिऱ्हाइकी सैल पडली की एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. सकाळपासून गादीवर मांडी घालून बसलेले शेठजी उठू पाहतात. एक हात तक्क्यावर, दुसरा गल्ल्यावर टेकतो. अर्धे उठल्यावर क्षणभर तसेच ओणवे थांबावे लागते आणि मग कंबर हळूहळू सरळ होते. त्याच दुकानात पोटमाळ्यावरून तागे उतरविणारा, दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडून पुन्हा घालणारा नोकर उजवा हात खांद्याच्या वर नेताना ओठ दाबून धरतो. आणि शेठजींच्या घरी, तीस-पस्तीस वर्षे ओट्यापाशी उभी राहिलेली, उन्हाळ्यात जमिनीवर बसून पापड-कुरडया केलेली माऊली जिना उतरताना कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय जोडीत, उतरत असते. तिघांचे दुखणे एकाच कुळातले. उपचार मात्र एका कुळातले नसतात. शेठजींना तज्ज्ञ डॉक्टरांची भेट मिळते, घरच्या माणसाला मलमाची डबी मिळते आणि नोकराला औषधाच्या दुकानातून एक सुटी गोळी. दुसऱ्या दिवशी तिघेही पुन्हा आपापल्या जागी.

या तिघांनाही ज्याचा उपयोग होऊ शकतो आणि तिघेही जे अर्धवट सोडून देतात, ते शास्त्र म्हणजे भौतिकोपचार. शब्द कोशातला आहे, बोलीत तो रुळला नाही. लोक ‘फिजिओथेरपी’ म्हणतात आणि त्याहून अधिक लोक ‘शेक घ्यायला जातो’ असे म्हणतात. या दुसऱ्या शब्दप्रयोगातच सारा गैरसमज साठलेला आहे. धर्मादाय केंद्रातल्या एखाद्या बाकावर तासभर बसून निरीक्षण करावे. यंत्राच्या शेकासाठी रांग लागते. पंधरा मिनिटे ऊब घेऊन रुग्ण प्रसन्न होतो. नंतर उपचारक म्हणतात, ‘आता पाच मिनिटे व्यायाम करू.’ त्या क्षणी कुणाला दुकानाची आठवण होते, कुणाला रिक्षा उभी असल्याची. शेकाने स्नायू सैलावतो, वेदना काही वेळ शमते. तेवढ्या अवधीत जो व्यायाम करावयाचा असतो, तोच खरा उपचार. शेक ही त्याची पूर्वतयारी. कापड शिवण्यापूर्वी त्याला इस्त्री करून घ्यावी आणि न शिवताच परत फडताळात ठेवावे, तसा हा प्रकार होतो.

शास्त्र नवे नाही. चरकसंहितेत संधिगत वाताचे लक्षण सांगताना हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखी हाताला लागणारी सूज आणि सांधा पसरताना-आखडताना होणारी वेदना यांचा उल्लेख आहे. अभ्यंग आणि स्वेदन हे त्यावरचे उपचार आजही घरोघरी तेल-शेकाच्या रूपाने चालतात. युरोपात स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था काढली आणि रोग्यासाठी विशिष्ट हालचालींची पद्धत बसविली. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन या व्यवसायाची पहिली संघटना उभारली. पहिल्या महायुद्धातील हजारो जखमी सैनिकांना पुन्हा उभे करण्याची वेळ आली, तेव्हा या शास्त्राला खरी गती मिळाली.

आपल्याकडे ते आले पोलिओच्या वाटेने. अर्धे लुळे पडलेले मूल पूर्वी फळीला बांधून किंवा प्लास्टरमध्ये महिनोन् महिने ठेवीत. ऑस्ट्रेलियातील सिस्टर एलिझाबेथ केनी या परिचारिकेने ओल्या लोकरीच्या गरम पट्ट्या आणि हलक्या हालचाली यांचा आग्रह धरला. प्रस्थापित वैद्यांनी आधी हेटाळणी केली, पुढे पद्धतीचा बराच भाग स्वीकारला. मुंबईत, स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अशा मुलांसाठी उपचारकेंद्र उभे केले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. १९५० च्या दशकाच्या आरंभी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. म्हणजे या देशातील या विद्येचा पाळणा मुंबईतच हलला. पोलिओ २०१४ मध्ये अधिकृतपणे देशाबाहेर गेला. पण त्याच्यासाठी जी विद्या आली, ती आता गुडघे, कंबर आणि खांदे यांच्या सेवेत गुंतली आहे.

आता सांध्याकडे वळावे. दोन हाडांची टोके एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गाने त्यांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर दिले आहे. अस्तर हा शब्द कापडवाल्यांना समजावून सांगावा लागत नाही. चांगल्या कोटाचे आयुष्य त्यावरच असते. या कूर्चेची एक खासियत आहे. तिला रक्तवाहिन्या नाहीत आणि वेदना कळविणारे मज्जातंतूही नाहीत. तिचे पोषण सांध्यातील वंगणातून होते आणि ते वंगण तिच्यात शिरते कसे, तर स्पंज दाबला आणि सोडला की पाणी आत-बाहेर होते तसे. दाब पडला पाहिजे आणि सुटलाही पाहिजे. सहा तास एकाच मांडीत बसलेल्या गुडघ्याला दाब मिळतो, सुटका मिळत नाही. अंथरुणाला खिळलेल्याच्या गुडघ्याला दोन्ही मिळत नाहीत. चालणाऱ्याला दोन्ही मिळतात. दुखते म्हणून हलवायचे नाही, हा घरोघरी दिला जाणारा प्रेमळ सल्ला सांध्याची उपासमार करतो.

दुसरी गोष्ट स्नायूंची. गुडघ्याला खरा आधार मांडीच्या पुढच्या भागातील मोठ्या स्नायूचा असतो. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार येतो. जिन्यावर आणि उकिडवे बसताना त्याहून अधिक. हा भार झेलण्याचे काम स्नायूने केले नाही, तर तो सरळ हाडावर उतरतो. आणि घडते असे की गुडघा दुखू लागला की माणूस त्या पायावर जोर देणे टाळतो. न वापरलेला स्नायू काही आठवड्यांत बारीक होतो. स्नायू बारीक झाला की भार हाडावर अधिक येतो आणि गुडघा आणखी दुखतो. व्याज चुकविण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्या दुकानासारखे हे आहे. अशा दुकानाला बाहेरून रंग देऊन उपयोग नसतो. मुद्दल उभे करावे लागते.

ते मुद्दल उभे करण्याचे व्यायाम दिसायला इतके साधे असतात की त्यांवर विश्वासच बसत नाही. पलंगावर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, गुडघ्याने ती खाली दाबावी, दहा अंक मोजावेत, सोडावे. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ते जमू लागले की खुर्चीवर बसून पाय समोर सरळ उचलून धरावा आणि सावकाश खाली आणावा. मग थोड्या उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे आणि बसावे. बसताना धपकन न बसता हळू बसावे, कारण स्नायूची खरी मशागत त्या हळू बसण्यात होते. पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून बरेच जण इथेच थांबतात. स्नायूत बळ यायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे उपचारकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले पाहिजे. पुष्कळदा ते सांगत नाहीत, त्यामुळे दोष त्यांच्याकडेही जातो. व्यायामाने थोडे दुखते, ते चालण्यासारखे असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेलेच राहिले किंवा सूज आली, तर वेळा निम्म्या कराव्यात. बंद करू नयेत.

वजनाचा प्रश्न नाजूक आहे, विशेषतः लग्नसराईनंतर. तरी एक आकडा सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघेदुखीच्या स्थूल रुग्णांचे चालणे मोजले गेले. शरीराचे वजन एक किलोने उतरले, तर गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलागणिक चार किलोंनी उतरतो, असे त्यात दिसून आले. दिवसाकाठी माणूस काही हजार पावले टाकतो. गुणाकार ज्याने त्याने करावा.

काठीविषयी समाजात फार संकोच आहे. विवाह-समारंभात काठी घेऊन येण्यापेक्षा घरी थांबणे पत्करणारे ज्येष्ठ सर्वत्र आहेत. आणि जे घेतात, त्यांतले अनेक ती चुकीच्या हातात घेतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. चालताना डावा हात आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे जातात, त्यामुळे उजव्या पायावर भार येण्याच्या क्षणी काठी तो वाटून घेते. काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर यावी. एवढी दुरुस्ती केली तरी कित्येकांचे चालणे त्याच दिवशी सुधारते, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

कंबरदुखीची कथा वेगळी आहे, कारण तिथे वैद्यकशास्त्रानेच आपला जुना सल्ला मागे घेतला आहे. एके काळी कंबर धरली की लाकडी फळीवर तीन आठवडे निजून राहा, असे सांगत. १९८६ मध्ये अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना दोन दिवसांची व काहींना सात दिवसांची विश्रांती सांगून तुलना केली. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले, आणि बरे होण्यात सात दिवसवाल्यांहून मागे राहिले नाहीत. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर असाच प्रयोग झाला. तिथे तर जे सोसवेल तेवढे नेहमीचे व्यवहार करीत राहिले, तेच सर्वांत लवकर सावरले. ज्या देशात आजही ‘बेड रेस्ट’ची चिठ्ठी म्हणजे गंभीर उपचार समजला जातो, तिथे हे दोन प्रयोग घरोघरी सांगितले जावयास हवेत.

त्याला जोडूनच फोटोंची गोष्ट. एम.आर.आय.च्या अहवालात ‘चकती सरकली’ किंवा ‘झीज झाली’ असे वाचले की माणूस मनाने त्या क्षणी म्हातारा होतो. १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींच्या मणक्यांचे एम.आर.आय. तपासले. त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या, म्हणजे शेकडा ५२ जणांच्या, किमान एका चकतीला फुगवटा होता. दुखणे शून्य, फोटो बिघडलेला. गुडघ्याच्या क्ष-किरण चित्राचेही तसेच आहे. पुष्कळ झीज असलेला माणूस आरामात चालतो आणि थोडी झीज असलेला कळवळतो. केसांची पांढरी बट जशी वयाची खूण, तशाच यांतल्या बऱ्याच खुणा वयाच्या असतात. फोटो काढू नये असे नव्हे. पण उपचार माणसावर व्हावेत, फोटोवर होऊ नयेत. या बाबतीत तपासणी केंद्रांची वाढती संख्या आणि रुग्णांची वाढती भीती यांचा मेळ फारच सोयीने बसलेला दिसतो.

खांदा आखडण्याचा विकार चाळीस ते साठ या वयात अधिक दिसतो आणि मधुमेह असलेल्यांना तो विशेष गाठतो. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणजे गोठलेला खांदा असे नाव दिले. आधी रात्री झोपू न देणारी वेदना, मग वेदना थोडी कमी पण हात कानापर्यंत जाईना, पाठीमागे वळेना; आणि मग सावकाश मोकळीक. हे चक्र पुरे व्हायला एक ते तीन वर्षेही लागतात. बहुतेकांचा खांदा बराचसा मोकळा होतो, हे ऐकून धीर यावा. पण वाट पाहताना हात गळ्यात बांधून ठेवला तर ती मोकळीक अपुरी राहते. टेबलावर चांगला हात टेकवून, ओणवे होऊन, दुखरा हात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे सैल सोडून झुलवावा. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढावे आणि रोजच्या उंचीची पेन्सिलीने खूण करावी. भिंतीवरच्या त्या खुणा रोज हाताशी दिसत असल्या की व्यायामाचा नेम सहसा मोडत नाही. मात्र पोटमाळ्यावरचे तागे ओढणाऱ्या नोकराला वेदनेच्या पहिल्या काही महिन्यांत खालच्या फडताळाचे काम द्यावे लागते. तेवढे मालकाने केले नाही, तर भिंतीवरचा कोणताही व्यायाम त्याला पुरा पडत नाही.

वेदनाशामक गोळ्यांचा विचार टाळता येणार नाही. चार दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, त्या घेण्यात गैर काही नाही; उलट वेदना आटोक्यात असल्याने व्यायाम जमतो. भीती आहे ती वर्षानुवर्षे, रोज, विचारल्यावाचून घेण्याची. या गोळ्यांनी जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. मूत्रपिंडांची इजा किती घातक ठरू शकते, याचे उदाहरण माणसाबाहेरचे आहे. डायक्लोफिनॅक हे सांधेदुखीचे अतिपरिचित औषध गुराढोरांनाही टोचले जात असे. अशी गुरे मेल्यावर त्यांच्यावर जगणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली आणि भारतीय उपखंडातील काही जातींची गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी आणली. पांजरपोळ चालविणाऱ्या समाजाने हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे. गिधाड आणि माणूस यांची शरीरे सारखी नाहीत आणि माणसाला नेमक्या मात्रेत हे औषध चालते; पण उपवासात, पाणीही न घेता, दुखते म्हणून अशी गोळी गिळणे हे मूत्रपिंडांना दुहेरी संकटात टाकणे आहे. पाणी कमी असताना मूत्रपिंडे आधीच ताणलेली असतात. तपश्चर्येच्या दिवसांत औषधांचे वेळापत्रक कसे बदलावे, हे पारण्यानंतर विचारण्यापेक्षा पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारलेले बरे. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी तर नक्कीच.

दुसरा प्रश्न गुडघ्याच्या ‘टॉनिका’चा. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या जातात. अनेक श्रावक-श्राविकांना ठाऊक नसते की बाजारातील बरेचसे ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेले असते आणि कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून. कॅप्सूलचे आवरणही पुष्कळदा जिलेटिनचे. मक्यापासून बनविलेले ग्लुकोसामाइन मिळते, पण ते मुद्दाम विचारून घ्यावे लागते. याहून महत्त्वाचे असे की १५८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, सर्व रुग्ण मिळून पाहता, या औषधांचा गुण नुसत्या बिनऔषधी गोळीहून निश्चितपणे अधिक ठरला नाही. तेव्हा ज्यासाठी आचार मोडायचा, त्यातून पदरात काय पडते, हाही हिशेब पाहावा.

शाकाहाराच्या संदर्भात एक सूचना इथेच करून ठेवणे योग्य. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध-दह्यातून थोडे मिळते. त्याची कमतरता झाली की पायांना मुंग्या, बधिरता, थकवा येतो, आणि हे सारे ‘सांधेदुखी’ या एका शब्दाखाली वर्षानुवर्षे दडून राहते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडे आणि स्नायू दुखतात. दिवसभर दुकानाच्या सावलीत किंवा घरात असणाऱ्यांना ती सहज जडते. साध्या रक्तचाचणीने दोन्ही कळतात. मांडीचे व्यायाम करून ब-१२ वाढत नाही, म्हणून हे सांगणे.

जमिनीवर बसण्याविषयी ज्येष्ठांच्या मनात खंत असते. कटासनावर ४८ मिनिटे स्थिर बसून सामायिक करणाऱ्यांना, खमासमणे देताना वारंवार गुडघे टेकणाऱ्यांना, एके दिवशी डॉक्टर म्हणतात, ‘खाली बसू नका.’ काहींना वाटते, धर्मच सुटला. इथे थोडा विवेक हवा. ज्यांचे गुडघे निरोगी आहेत त्यांनी खाली बसण्याची सवय अवश्य राखावी. त्याने नितंबाचे आणि घोट्याचे सांधे लवचीक राहतात. ज्यांचे गुडघे बिघडले आहेत त्यांनी खुर्चीवर बसावे. अनेक उपाश्रयांतून आणि स्थानकांतून आता मागच्या बाजूला खुर्च्यांची ओळ असते, तिथे बसलेल्यांकडे कुणी वळून पाहत नाही. खुर्ची मात्र हात असलेली आणि जरा उंच असावी. प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्चीतून उठणे गुडघ्याला जमिनीवरून उठण्याइतकेच जड जाते. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढण्याचा संकल्प असलेल्यांनी यात्रेच्या आदल्या आठवड्यात मलम विकत घेण्याऐवजी दोन-तीन महिने आधी घरच्या जिन्यावर सराव सुरू करावा. गुडघ्याची परीक्षा चढण्यापेक्षा उतरताना अधिक होते, हेही लक्षात असू द्यावे.

शस्त्रक्रियेचे नाव काढले की दोन टोके दिसतात. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात रोपण झाले, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया सामान्यांच्या बोलण्यात आली. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या आणि खर्चाचा एक भाग आवाक्यात आला. झीज पराकोटीला गेली असेल, रात्रीची झोप उडाली असेल, घरातल्या घरात फिरणे कठीण झाले असेल, तर रोपण हे वरदान आहे. त्याला अकारण भिऊन दहा वर्षे खुर्चीत काढणे शहाणपणाचे नाही. उलटपक्षी, दुर्बीण घालून गुडघा ‘धुऊन’ घेण्याचा एक प्रकार मध्यंतरी फार बोकाळला होता. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या डॉ. मोझली यांनी १८० रुग्णांवर प्रयोग केला. काहींना खरी शस्त्रक्रिया, काहींना केवळ त्वचेवर छेद देऊन टाके. दोन वर्षांनी दोघांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. आणि रोपण करून घेतले तरी व्यायामातून सुटका नाहीच. नव्या गुडघ्याला वाकायला शिकवावे लागते, आणि ते शिक्षण पहिल्या काही आठवड्यांत चुकले तर लाखो रुपये खर्चून घेतलेला गुडघा अर्धाच वाकतो. शस्त्रक्रियेसाठी पैसे जमविणारी कुटुंबे पुढच्या दोन महिन्यांच्या भौतिकोपचाराचा खर्च मात्र अंदाजपत्रकात धरीतच नाहीत.

काही दुखण्यांत व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. सांधा लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असला. पडल्यानंतर पायावर भार देता येईना. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला. रात्री वाढणारे दुखणे आणि विनाकारण उतरणारे वजन एकत्र आले. किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली. यांतले काहीही घडल्यास मालिशवाल्याला बोलावू नये. मधुमेहींनी पायाला बधिरता असताना गरम पाण्याची पिशवी लावू नये. चटका बसलेला कळत नाही आणि जखम महिने घेते.

उपचारक निवडताना पदवी विचारण्यात संकोच नसावा. भौतिकोपचाराचे शिक्षण चार वर्षांहून अधिक काळाचे असते. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी नोंदणी परिषद कायद्याने स्थापन झाली आणि २०२१ मध्ये संसदेनेही या व इतर आरोग्यसेवकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. यंत्र लावून खोलीबाहेर जाणारा आणि हात लावून, चालवून, बसवून पाहणारा, यांतला फरक रुग्णाला पहिल्या भेटीतच ओळखता येतो.

राहता राहिला बाजार. दुकानातून करता येण्यासारख्या गोष्टी खर्चाच्या नाहीत. गादीच्या कडेला एक उंच स्टूल ठेवावे आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने मालकाने मांडी मोडून त्यावर यावे. जड तागे कमरेपासून छातीपर्यंतच्या फडताळांत आणि हलका माल वर, अशी मांडणी केली तर नोकराच्या खांद्याचे निम्मे काम वाचते. बहुतेक दुकानांत नेमके उलट असते, कारण खपाचा हलका माल हाताशी हवा असतो. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने एका वेळी वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली; कापडाची गाठ त्याहून जड असेल तर ती दोघांनी उचलावी किंवा हातगाडीवर घ्यावी. गाठ उचलताना पाठ न वाकविता गुडघ्यांत वाकून, गाठ पोटाशी धरून उठावे, आणि ओझे घेऊन कंबरेतून वळू नये, पावले वळवावीत. आणि ज्या दिवशी उपचारकांनी नोकराला तीन आठवडे रोज एक तास बोलावले, त्या दिवशी तो तास त्याच्या पगारातून कापायचा की नाही, हे प्रत्येक पेढीने ठरवायचे आहे. काही पेढ्यांनी न कापण्याचे ठरविले आहे. तिथली माणसे उपचार पुरे करतात.